थोरलीच्या जागी

ज्या बाईवर मी प्रबंध लिहिला तिचा चेहरा कसा होता हे कोणालाच माहीत नाही. आठशे वर्षांपूर्वी स्पेनच्या उत्तरेकडच्या कोरड्या पठारावर, एका सरदाराच्या घरात, धाकटी मुलगी म्हणून ती जन्मली. तिच्याबद्दल जे काही उरलं आहे ते मठांना दिलेल्या दानपत्रांत. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, इतक्या मुलांची आई, हा द्राक्षमळा आणि ही पाणचक्की देवाच्या नावाने देते. संपलं.

नागपूरच्या मुलीचा हिच्याशी काय संबंध, असं मला त्या काळी अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात विचारलं गेलं. मी ओहायोतल्या विद्यापीठात आले होते ते आपल्याकडच्या बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्या बायकांचा अभ्यास करायला. आमच्या घरात ते साहजिकच होतं. धर्मांतराच्या वेळी वडील पंचविशीत होते. घरातले सगळे देव त्यांनी स्वतः टोपलीत भरून नदीत सोडले होते. पुढे ते शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि आम्हा दोघी बहिणींना त्यांनी पाली शिकवलं. तर पहिल्याच वर्षी मी वर्गात लेण्यांतल्या शिलालेखांवर निबंध वाचला. त्यातही तेच असतं: अमक्या गृहस्थाची पत्नी, तमक्याची माता, एक खांब दान. निबंध संपल्यावर मध्ययुगीन स्पेन शिकवणाऱ्या बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगदी अशाच बायका माझ्याकडेही आहेत. आणि माझ्याकडे कागद जास्त आहेत."

मी हसले. पण दोन वर्षांनी मी त्यांच्याच हाताखाली होते, लॅटिन शिकत होते, आणि त्या सरदाराच्या धाकट्या मुलीची दानपत्रं मायक्रोफिल्मवर वाचत होते.

माझी ताई तेव्हा जर्सी सिटीत होती. भाऊजी इंजिनियर, रोज ट्रेनने मॅनहॅटनला जायचे. थोरली मुलगी पहिलीत, धाकटा दीड-दोन वर्षांचा. मी सुट्टीत बसने त्यांच्याकडे जायचे. ताई दार उघडायची आणि आधी माझ्या हातातली पिशवी बघायची, "पुस्तकंच आणली असशील, मेले," म्हणायची. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, आई रॉकेल गरम करून चोळायची. त्या तापाने तिच्या हृदयाची झडप खराब करून ठेवली होती, हे धाकट्याच्या बाळंतपणात इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन करावं लागणार हे ठरलेलंच होतं. ती ते पुढे ढकलत राहिली. धाकट्याचे दात येऊ देत, मुलीची शाळा लागू दे, भाऊजींचं प्रमोशन होऊ दे.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. झालं व्यवस्थित, असं सांगितलं. चौथ्या दिवशी ती गेली.

मी पोचले तेव्हा भाऊजी हॉस्पिटलच्या खुर्चीत बूट काढून बसले होते. पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे होते. मला बघून ते म्हणाले, "कालच जेवली ती. जेली खाल्ली." मग पुन्हा तेच म्हणाले.

अंत्यविधी फ्युनरल होममध्ये झाला. न्यू जर्सीत आणि आसपास आपली म्हणावीत अशी थोडी घरं होती, ती सगळी आली. बायकांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या, वर जाड कोट, पायात बर्फाचे बूट. मराठी भंते कुठून मिळणार? शहरातल्या विहारातले श्रीलंकेचे एक वृद्ध भंते आले. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि आम्हाला सिंहली, पण पालीतलं त्रिशरण सुरू झालं आणि सगळ्यांचे आवाज मिसळले. माझ्या मांडीवर धाकटा होता. त्याला मावशी म्हणता यायचं नाही, तो मला "माशी" म्हणायचा. सगळं चालू असताना तो माझ्या कानात विचारत राहिला, "माशी, मम्मी?"

मी विद्यापीठात फोन केला आणि त्या सत्रापुरती रजा घेतली. प्राध्यापक बाईंनी कारण ऐकलं आणि फक्त, "मुलं किती मोठी आहेत?" एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात दानपत्रांच्या फोटोकॉपींचं एक जाड पाकीट आलं. सवड मिळेल तसं बघ, अशी चिठ्ठी होती.

सवड दुपारी मिळायची. धाकटा झोपला की मी स्वयंपाकघराच्या टेबलावर ती पानं मांडायचे. तिथेच, डाळीच्या डब्यांना टेकवून ठेवलेल्या पानांत, मला त्या बाईची गोष्ट पहिल्यांदा नीट उलगडली. तिला एक मोठी बहीण होती. त्या बहिणीचं लग्न नदीपलीकडच्या एका मोठ्या सरदाराशी झालं होतं, दोन घराण्यांतलं जुनं वैर मिटावं म्हणून. एक मुलगा आणि एक मुलगी पाठीमागे ठेवून ती बाळंतपणात मेली. वैर मिटवायचं तर नातं तुटून चालणार नव्हतं. धाकटी तेव्हा ख्रिस्ती जोगिणींच्या मठात शिकत होती. तिला तिथून काढून त्याच सरदाराला दिली. मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न तिथल्या चर्चला मान्य नसे, पोपची खास परवानगी लागे. ती आणवली.

हे वाचून मला काही वाटलं असं आज मी म्हणू शकते, पण खरं सांगायचं तर तेव्हा काहीच वाटलं नाही. मी बाजूला पेन्सिलने "बहीण" एवढं लिहिलं आणि कुकर बंद करायला उठले. आमच्या घरात असं काही होईल हे माझ्या मनातही नव्हतं. आमच्या नात्यात अशी लग्नं झालेली होती, पण ती खेड्यातल्या आत्याकडे, जुन्या लोकांत. आमचे बाबा वेगळे होते.

बाबा एप्रिलमध्ये आले. आजी अंथरुणाला खिळलेली होती म्हणून आई येऊ शकली नाही. बाबांनी सुटकेसमधून ताईचा लग्नातला फोटो काढला, हॉलमधल्या टीव्हीवर ठेवला, आणि त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. रडले नाहीत. नंतरचे दिवस ते नातवाला खांद्यावर घेऊन घरात येरझाऱ्या घालायचे. नातीशी बोलायला जायचे तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि ते माझ्याकडे बघायचे.

एका रविवारी आम्ही मुलांना घेऊन नदीकाठच्या बागेत गेलो. पलीकडे मॅनहॅटनच्या इमारती, वारा बोचरा. मुलगी झोक्यावर होती, धाकटा वाळूत. बाबा बाकावर बसले, मला शेजारी बसवलं आणि मुलांकडे बघतच म्हणाले, "हे असं किती दिवस चालणार?"

"मी ऑगस्टपर्यंत आहे ना बाबा."

"आणि मग?"

"मग काहीतरी व्यवस्था करू. भाऊजी बोलत होते, इमारतीतल्या एक गुजराती मावशी मुलं सांभाळतात."

"परक्याच्या हाती लेकरं द्यायची?" त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. "जावई माणूस चांगला आहे. दारू नाही, विडी नाही. तुझ्या ताईला त्यानं कधी शब्दानं दुखवलं नाही. तुझंही आता वय झालं."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा आधी हसूच आलं.

"बाबा, तुम्ही मला हे सांगताय? आपण हे सगळं सोडून आलो असं तुम्हीच सांगायचात ना?"

बाबा घराबाहेर कायम शुद्ध बोलायचे, शाळेत तर पुस्तकासारखं. त्या बाकावर त्यांची भाषा गावाकडे गेली. "मी तुले आजवर काही मांगतलं नाही," ते म्हणाले. "तू म्हणाली शिकतो, म्हटलं शिक. तू म्हणाली अमेरिकेत जातो, म्हटलं जा. माझी एक पोरगी गेली. तिची लेकरं तरी माझ्या घरात राहू दे." आणि तेव्हा ते रडले. झोक्यावरून मुलीने ते पाहिलं आणि ती झोका थांबवून आमच्याकडे टक लावून बघत राहिली.

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. घरी आल्यावर आईचा फोन. ती रडतच होती, "तुझ्या ताईचीच आहेत ना लेकरं, का परकी आहेत? तू नाही करणार तर कोण करील?" म्हणजे बाबा विचारणार हे तिला आधीच माहीत होतं. तिकडे सगळं ठरलं होतं, फक्त माझं उत्तर यायचं राहिलं होतं.

भाऊजींशी बोलायला मला दोन दिवस लागले. सकाळी ते ऑफिसच्या शर्टाला इस्त्री करत होते. मी चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं, "भाऊजी, बाबा तुमच्याशी बोलले?"

"बोलले."

"तुम्ही काय म्हणालात?"

ते इस्त्री फिरवत राहिले. "काहीच नाही म्हणालो. काय म्हणणार?" मग इस्त्री उभी ठेवली. "खरं सांगू? मला तुझ्याशी लग्न करायचं नाहीये. कोणाशीच करायचं नाहीये. मी अजून तिचं कपाट उघडलेलं नाही. पण ऑगस्टमध्ये तू गेलीस की मी काय करणार आहे, ते मला माहीत नाही. ते म्हणजे, इट्स अ ब्लँक."

"मग तुम्ही बाबांना नाही सांगा."

"मी कसं सांगू? त्यांची मुलगी माझ्याकडे असताना मेली."

एवढं बोलून ते तसाच चुरगळलेला शर्ट घालून निघून गेले.

दिवसभर मी विचार करत होते, आणि विचार 'हो'कडेच झुकत होता. हे मला सांगितलं पाहिजे, कारण पुढे लोकांनी मला फार कणखर समजलं, किंवा फार स्वार्थी. धाकटा माझ्या पोटाशी आल्याशिवाय झोपत नव्हता. त्याच्या केसांना ताईच्या केसांचा वास यायचा, खरंच यायचा. भाऊजी वाईट नव्हते. जर्सी सिटीतून न्यूयॉर्कच्या एखाद्या विद्यापीठात जाता आलं असतं, अभ्यास थोडा लांबला असता. बायका याहून वाईट लग्नं करतात आणि निभावतात.

त्या आठवड्यात थंडी पुन्हा परतली. माझा कोट धुवायला टाकला होता म्हणून मी दारामागे टांगलेला ताईचा कोट घातला, मरून रंगाचा, मोठ्या बटणांचा, आणि मुलीला आणायला शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. वारा होता म्हणून शाळेकडे पाठ केली होती. एकदम मागून हाक ऐकू आली, "मम्मी!"

मी वळले. ती रस्त्यावरून पळत येत होती, दप्तर एका खांद्यावरून लोंबत होतं, आणि तिचा चेहरा असा झाला होता की तसा चेहरा मी नंतर कुठेच पाहिला नाही, पाहायचाही नाही. ती माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. मला पाहिलं. आणि मग ती माझ्या अंगावर आली, दोन्ही मुठींनी पोटावर मारत. "टेक इट ऑफ! टेक इट ऑफ! इट्स नॉट युवर्स!"

बाकीच्या आया बघत होत्या. मी कोट काढला. फुटपाथवर, त्या वाऱ्यात, नुसत्या स्वेटरवर उभी राहिले, आणि कोट तिच्या हातात दिला. तिने तो छातीशी धरला. तो तिच्या पायांत येत होता. घरापर्यंत ती पुढे, मी मागे.

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं, "मी लग्न करणार नाही." कोटाची गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी म्हटलं असतं, लहान आहे, विसरेल. ते बरोबरही असेल.

बाबांनी मान हलवली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू शिकलेली आहेस." हे वाक्य त्यांनी मला लहानपणापासून हजारदा ऐकवलं होतं, कौतुकाने. मेमध्ये ते परत गेले. पुढची जितकी वर्षं ते जगले, फोनवर माझ्याशी बोलायचे ते "अभ्यास कसा चाललाय?" इतकंच, आणि रिसीव्हर आईकडे द्यायचे.

मी ऑगस्टमध्ये ओहायोला परतले. धाकट्याला गुजराती मावशींकडे सोडून मी बसला निघाले, तेव्हा तो रडला नाही, टीव्ही बघत होता. भाऊजींनी पुढच्या हिवाळ्यात नागपूरला जाऊन लग्न केलं. मुलगी अमरावतीची, शिक्षिका, अबोल. माझ्या आईबाबांनीच शोधली होती. मी त्यांना वहिनी म्हणू लागले, कारण मला ताई म्हणवत नव्हतं.

त्या चांगल्या होत्या. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही. पण सुट्टीत मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा, मी निघताना, त्या माझ्याबरोबर खाली बसस्टॉपपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की लहाना चार दिवस माझ्याजवळ येत नाही. मोठी तर बोलतच नाही. मला इथे कोणी नाही हो. थोडे दिवस तुम्ही आला नाहीत तर बरं होईल." त्यांच्या अंगात नवा कोरा कोट होता, बहुधा भाऊजींनी घेतलेला, आणि त्या त्यात कुडकुडत होत्या. भारतातून पहिल्यांदा येणारी प्रत्येक बाई तशी कुडकुडते. मी म्हणाले, "बरं."

थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वाढदिवसाला मी भेटी पाठवायचे. सुरुवातीला मुलीच्या अक्षरात आभाराचं कार्ड यायचं, मग वहिनींच्या.

प्रबंध झाला. त्या सरदाराच्या धाकट्या मुलीचं पुढचं आयुष्य मी ओहायोच्या ग्रंथालयाच्या तळघरात जुळवलं. तिला स्वतःची पाच मुलं झाली. बहिणीची दोन तिने वाढवली, निदान त्यांच्या नावाने दानं दिली. नवरा लढाईत पडला आणि ज्या मुलाला तिने आईसारखं सांभाळलं त्याने, म्हणजे बहिणीच्या मुलाने, गढीचा ताबा घेऊन तिला आणि तिच्या पोरांना बाहेर काढलं. ती ज्या मठातून निघाली होती तिथे परत गेली. अखेरच्या दानपत्रात ती बहिणीच्या आत्म्यासाठी मेणबत्त्यांची सोय करते आणि आपल्याला बहिणीच्या पायाशी पुरावं असं सांगते. नवऱ्याचा उल्लेख नाही.

तोंडी परीक्षेच्या आधी प्राध्यापक बाईंनी माझ्या तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं की लग्नाआधी तिला विचारलं गेलं होतं. "याला पुरावा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "मुलीला विचारलं की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही."

"विचारलं असणार," मी म्हणाले.

"कशावरून?"

"विचारतात. बाप येतो, शेजारी बसतो, आणि विचारतो. उत्तर काय द्यायचं हे तिला ठाऊक असतं."

त्यांना जर्सी सिटीचं सगळं माहीत नव्हतं, थोडं माहीत होतं. मग हळूच म्हणाल्या, "असेल. पण ते वाक्य काढावं लागेल." मी काढलं.

ताईला जाऊन सात वर्षं झाली तेव्हा मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवायला लागले होते. भाऊजींनी न्यू जर्सीतच, आतल्या बाजूला, घर घेतलं होतं. नव्या घराला त्यांनी मला बोलावलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. वहिनींना मुलगी झाली होती. त्या आता मोकळ्या बोलत होत्या, गाडी चालवत होत्या. धाकट्याने मला "हाय" म्हटलं आणि तो व्हिडिओ गेम खेळायला गेला. त्याला मी आठवत नव्हते. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

मोठी तेरा वर्षांची झाली होती, ताईपेक्षा उंच. जेवण झाल्यावर मी मागच्या अंगणात उभी होते तिथे ती आली. ती इंग्रजीतच बोलली, मी मराठीत.

"आजोबांची इच्छा होती की तू डॅडशी लग्न करावंस. खरं आहे?"

"कोणी सांगितलं?"

"आजी फोनवर मम्मीला सांगत होती, मी दुसऱ्या फोनवर ऐकलं. माझं मराठी बोलणं वाईट आहे, ऐकणं नाही."

"खरं आहे," मी म्हणाले.

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो."

तिने कुंपणाची एक सैल फळी पायाने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मला वाटलं तिला तो शाळेचा कोपरा आठवेल. मी वाट पाहिली. तिला काही आठवत नव्हतं, निदान चेहऱ्यावरून तसं दिसत नव्हतं, आणि मी आठवण करून देणं शक्यच नव्हतं. सहाव्या वर्षी केलेल्या गोष्टीचं ओझं पोरीच्या डोक्यावर कोण ठेवील?

"का?" तिने विचारलं.

"मी तुझी मावशी होते. मला मावशीच राहायचं होतं."

"पण तू ते पण राहिली नाहीस," ती म्हणाली. रागाने नाही. शिक्षकाला चुकलेली बेरीज दाखवावी तसं. मग आतून वहिनींनी हाक मारली, चहा झाला म्हणून, आणि ती "कमिंग, मम्मी" म्हणत आत गेली.

मी चहा घेतला. नवं घर पाहिलं, वरच्या खोल्या, तळघर, गॅरेज. भाऊजींनी मला गाडीपर्यंत सोडलं आणि रस्त्याचं काम चालू आहे, दुसऱ्या रस्त्याने जा, असं सांगितलं. त्यांचे केस पांढरे झाले होते. ताईचं नाव त्या दिवसभरात कोणी काढलं नाही, मीही नाही.

त्यानंतर मी दर वर्षी एकदा जाऊ लागले. वहिनी आग्रहाने जेवायला वाढतात, मुलं हाय म्हणतात, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मी निघते.